ना शेंडा ना बुडखा

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला येणारा तो मेल तुम्हाला चांगलाच माहीत असेल. बॅग भरलेली असते, लॅपटॉपचं झाकण अर्ध्यावर आलेलं असतं आणि तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात उगवतं, 'रिमाइंडर ३ : तुमची क्विझ अजून बाकी आहे.' वीस प्रश्न. ऐंशी टक्के मिळाले तर हिरवी टिक. नाही मिळाले तर पुन्हा तेच वीस प्रश्न, फक्त क्रम बदललेला. मग पलीकडच्या क्युबिकलमधून कुणीतरी ओरडतं, 'अरे, सातव्याचं काय?' आणि अख्खा फ्लोअर एका सुरात म्हणतो, 'ऑल ऑफ द अबव्ह!'

सातवा प्रश्न वाचलाय का कुणी? छे!

आता या क्विझमधले प्रश्न बघा. 'ऑफिसचा पासवर्ड कोणाला सांगावा?' पर्याय : मित्राला, शेजाऱ्याला, फोनवरच्या अनोळखी माणसाला, यापैकी कोणालाही नाही. हा प्रश्न चुकलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. पिवळ्या चिठ्ठीवर पासवर्ड लिहून तो मॉनिटरला चिकटवणारे मात्र ढीगभर भेटलेत आणि त्या सगळ्यांकडे हिरवी टिक आहे. दुसरा नमुना लैंगिक छळाबद्दलच्या ट्रेनिंगचा. २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी जागृतीचे कार्यक्रम घेणं मालकावर बंधनकारक केलं, ते उत्तमच झालं. पण क्विझमध्ये विचारतात काय, तर 'सहकाऱ्याशी असभ्य वागणं योग्य आहे का?' हो, नाही, सांगता येत नाही. अरे देवा! त्याऐवजी 'घटना घडल्यापासून किती दिवसांत तक्रार करायची असते आणि आपल्या ऑफिसात ती नेमकी कुणाकडे द्यायची?' असं विचारून बघा. (तीन महिन्यांत. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळू शकतात.) फ्लोअरवर कशी शांतता पसरते ते पाहाल.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो एका मैत्रिणीमुळे. ती वाळूजला, सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. 'अगं, आमची पिकनिक अजिंठ्याला जातेय. सरांना क्विझ हवीय. म्युझिक वगैरे लावून, केबीसीसारखी. तू लिहितेस ना, मग दे की दहा प्रश्न लिहून!' फ्रीलान्सर म्हणजे सगळ्या मित्रमंडळींचा फुकटातला कंटेंट रायटर, हे एव्हाना मी मान्य केलंय. पण पुढचं वाक्य ऐकून मी जरा सावरून बसले. 'आणि त्यात फायर सेफ्टीचे पण तीन-चार घाल.'

झालं होतं असं, की दोन महिन्यांपूर्वी नाइट शिफ्टला एका प्रेसशेजारच्या इलेक्ट्रिक पॅनेलमधून धूर यायला लागला. एका पोराने पाण्याची बादली उचलली. दुसऱ्याने ती वेळीच हिसकावून घेतली. शेवटी कुणीतरी धावत जाऊन सप्लाय बंद करवला आणि सीओटूचा सिलिंडर मारला. कुणाला काही झालं नाही, पॅनेल तेवढं काळं पडलं. पण बादली उचलणाऱ्या त्या पोराला आदल्याच महिन्यात फायर सेफ्टीच्या क्विझमध्ये पैकीच्या पैकी मार्क होते. अख्ख्या शिफ्टलाच होते! साहेबांचं अनुमान असं, की क्विझ बोअरिंग असते म्हणून लोक मनापासून देत नाहीत. ती जरा इंटरेस्टिंग करा, लीडरबोर्ड लावा, एंगेजमेंट वाढवा.

मला हे पटेना. बोअरिंग तर होतीच, पण मुद्दा तेवढाच असता तर म्युझिक लावून भागलं असतं.

क्विझ म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे येतो तो ३ जुलै २००० ला सुरू झालेला केबीसी. चार पर्याय, निळा प्रकाश, टिकटिकणारं घड्याळ, 'लॉक किया जाए?' २०१३ मध्ये 'कोण होईल मराठी करोडपती'ने तो माहौल मराठीतही आणला. ऑफिसच्या क्विझने या कार्यक्रमाचा नेमका चुकीचा भाग उचललाय, असं माझं मत आहे. तिथे प्रश्न विचारायचा तो समोरच्याला हळूहळू गाळण्यासाठी. शेवटी एकच उरतो आणि तीच गंमत असते. ऑफिसात गाळून काय करायचंय? एक जण करोडपती आणि बाकीचे सगळे बादली घेऊन पॅनेलकडे, असं चालेल का?

आणि तरीही, क्विझ ही चीज टाकाऊ नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना उतारा वाचायला दिला. काहींना तोच उतारा पुन्हा वाचायला लावला, काहींना वाचलेलं आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने तपासलं तर पारडं फिरलेलं! आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के, नुसतं वाचणाऱ्यांच्या ४२. म्हणजे डोक्यातून ओढून काढलेली गोष्ट डोक्यात टिकते. आता मला सांगा, 'ऑल ऑफ द अबव्ह'वर टिचकी मारताना आपण डोक्यातून काय ओढून काढतो?

मासकॉमला असताना आम्हाला एक नियम रट्टा मारून पाठ करायला लावला होता. ज्याचं उत्तर नुसतं 'हो' किंवा 'नाही' येईल, असा प्रश्न मुलाखतीत विचारायचा नाही. विचारलात तर समोरचा माणूस तुम्हाला काहीच सांगत नाही, तुमचंच वाक्य तुम्हाला परत देतो. ऑफिसच्या क्विझचंही तेच होतं, फक्त चार पर्यायांत.

तर मैत्रिणीला म्हटलं, प्रश्न घरी बसून लिहिणार नाही, आधी जागा दाखव. एका गुरुवारी आम्ही दोघी निघालो. (सोमवारी जाऊ नका, अजिंठा बंद असतो. वेरूळ मंगळवारी. हे न बघता सहली ठरवणारे एचआरवाले मी पाहिलेत!) संभाजीनगरहून सिल्लोडमार्गे साधारण शंभर किलोमीटर, मग फर्दापूरच्या टी-जंक्शनला गाडी सोडून शटल बस. वाघूर नदीचं ते घोड्याच्या नालेसारखं वळण आणि त्या वळणाच्या कड्यात ओळीने कोरलेली तीस लेणी. शाळेच्या सहलीत बघितली होती तेव्हा डबा कधी उघडतात याकडेच लक्ष होतं.

मैत्रिणीने येताना एक यादी आणली होती. लेणी किती? जागतिक वारसा यादीत कधी आली? जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ती कुठल्या साली दिसली, १८१७, १८१८, १८१९ की १८२०? मी म्हटलं, बाई गं, याची उत्तरं (तीस, १९८३, १८१९) तिकीट खिडकीपासून गाइडपर्यंत कुणीही सांगेल. आणि ज्याला माहीत नाही तो विचार करून करून तरी काय करणार? माहीत असेल तर येतं, नाहीतर टॉस उडवायचा.

दहा नंबरच्या लेण्यात शिरलो आणि तिथेच पहिला प्रश्न सापडला. एका खांबावर, चित्राच्या अंगावर, या स्मिथसाहेबाने आपलं नाव आणि तारीख खरडून ठेवलीय, २८ एप्रिल १८१९. (तेव्हापासून आपल्याकडे 'पप्पू लव्हज पिंकी'ची परंपरा सुरू झाली म्हणायची का?) गंमत पुढे आहे. ते नाव आपल्या डोक्याच्या वर आहे, मान वर करून शोधावं लागतं. आता विचारा, 'शिकारीला निघालेला माणूस, शिडी काही सोबत नाही. त्याने इतक्या उंचावर नाव कसं कोरलं?'

माझी मैत्रीण दोन मिनिटं खांबाकडे बघत राहिली. मग खाली जमिनीकडे. मग म्हणाली, 'जमीनच वर होती!' बरोब्बर. शेकडो वर्षांचा राडारोडा लेण्यात साचला होता आणि साहेब त्या ढिगावर उभे होते. साल पाठ नसलं तरी हे उत्तर येतं, आणि एकदा आलं की विसरणं कठीण. तारीख त्याच्याबरोबर फुकटात लक्षात राहते.

असे प्रश्न हवे होते. पण प्रश्न कुणी आणि का विचारावेत, याचा खरा धडा मिळाला तो सोळा नंबरला. पायथ्याशी दगडाचे दोन हत्ती असलेलं ते लेणं. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने ते पाचव्या शतकात करवून घेतलं, असं बाहेरचा शिलालेख सांगतो. आणि आत, आज बऱ्याच पुसट झालेल्या रंगांत, महाउम्मग्ग जातकातले प्रसंग आहेत. म्हणजे एका मंत्र्याच्या लेण्यात एका होऊ घातलेल्या मंत्र्याच्या सिलेक्शन टेस्टची गोष्ट! मुद्दाम निवडली की योगायोग, देव जाणे. पण कॉर्पोरेट जगाला शोभणारी गोष्ट आहे खरी.

मिथिलेचा राजा विदेह. त्याच्या कानावर येतं की पूर्वेकडच्या एका गावात महोसध नावाचा सात वर्षांचा अफाट हुशार मुलगा आहे. राजाला तो दरबारात हवाय. पण दरबारात आधीच चार पंडित बसलेत आणि त्यातला सेनक हा सीनियर मोस्ट. राजाने विचारलं, 'बोलवू का त्याला?' की सेनक म्हणतो, 'घाई नको महाराज, अजून एक परीक्षा घेऊ.' झाला पहिला राउंड, आला दुसरा, तिसरा... सतराव्या राउंडपर्यंत इंटरव्ह्यू देऊन 'वुई विल गेट बॅक टू यू' ऐकलेल्या माझ्या सगळ्या मित्रांना सेनकाचा चेहरा लगेच ओळखता येईल.

या परीक्षांतली एक मला फार आवडते. राजा खैराच्या लाकडाचा वीतभर तुकडा कातून, गुळगुळीत करून गावाला पाठवतो. दोन्ही टोकं अगदी सारखी. 'सांगा, यातला शेंडा कुठला आणि बुडखा कुठला? नाही सांगितलंत तर हजार नाणी दंड.' महोसध पाण्याचं भांडं मागवतो, तुकड्याच्या बरोबर मध्ये दोरा बांधतो आणि तो अलगद पाण्याला टेकवतो. बुडख्याकडचं लाकूड जड, ते टोक आधी बुडतं. बास!

प्रश्न म्हणून हा किती सुंदर आहे बघा. वस्तू हातात दिलीय. पाठांतर लागत नाही. पर्याय नाहीत, त्यामुळे अंदाजपंचे टिचकीही नाही. काहीतरी करून बघावं लागतं आणि उत्तर बरोबर आलं हे सांगायला परीक्षक लागत नाही, पाणीच सांगतं.

पण त्याच गोष्टीत राजाची एक गोची झालीय, आणि ती दिसली तेव्हा मला त्या पावणेसहाच्या मेलचं कोडं उलगडलं. त्याने प्रश्न गावाला विचारला आणि सोबत दंड लावला. मग गावाने काय केलं? सगळे धावले महोसधाकडे. दर वेळी! बैलांचा वाद असो, रथाचा असो, की दोन बायका एकाच मुलावर हक्क सांगत असोत. राजाला एका पोराची हुशारी कळली, ठीक आहे, त्याला तेवढंच हवं होतं. पण त्या गावात बाकीच्यांना काय येतं आणि काय येत नाही, हे त्याला कधीच कळलं नाही. गाव मात्र प्रत्येक परीक्षेत पास.

ओळखीचं वाटतंय ना? प्रत्येक फ्लोअरवर एक महोसध असतो. तो क्विझ आधी देतो, उत्तरांचे स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो आणि दहा मिनिटांत अख्खं गाव पास. दंड ठेवलात, म्हणजे अप्रेझलमध्ये मार्क धरलेत, तर लोक उत्तरं मिळवतील. ती मिळवण्यात कुणाचीच चूक नाही, दंड टाळणं हा शहाणपणाच आहे. पण मग तुमच्या हातात त्या क्विझचं जे काही येतं त्याला ना शेंडा ना बुडखा.

याच जातकात वाळूच्या दोराचा किस्सा आहे. राजाचा निरोप येतो, आमच्या झोक्याचा वाळूचा दोर तुटलाय, नवीन वळून पाठवा. महोसध माणसं पाठवून नम्रपणे विचारतो, 'महाराज, जुन्या दोराचा तुकडा सँपल म्हणून पाठवता का? त्याच मापाचा करून देऊ.' राजा म्हणतो, 'आमच्याकडे असा दोर नव्हताच कधी.' 'मग महाराज, आम्ही तरी कुठून वळणार?' बॉसने अशक्य डेडलाइन दिली की मी हल्ली हीच ट्रिक वापरते. दर वेळी चालतेच असं नाही, पण मेल लिहिताना बरं वाटतं.

आणि हो, आन्सर की तपासून घ्या. महोसधाने दोन कवट्यांमधली बाईची कुठली, पुरुषाची कुठली, हे वरच्या सांध्यांवरून ओळखलं असं जातक सांगतं. पुरुषाचा सांधा सरळ, बाईचा वाकडा! शरीरशास्त्रात याला काडीचा आधार नाही. पण पूर्ण मार्क मिळाले. ऑफिसच्या क्विझमध्ये अशा वाकड्या कवट्या किती असतात, ते एकदा उत्तरं घेऊन त्या त्या कामाच्या माणसाकडे गेलं की समजतं.

परतीच्या वाटेवर, सिल्लोडला चहा घेताना आम्ही क्विझ नव्याने रचली. नियम फार नव्हते. प्रश्न मराठीत, कारण दोन बसमधली अर्ध्याहून जास्त मंडळी ऑपरेटर आणि त्यांना रोज इंग्रजी क्विझ भाषांतर करून देणारा माणूस म्हणजे पुन्हा महोसधच. पाच-पाच जणांच्या टीम, त्यात ऑफिस आणि शॉप फ्लोअरची सरमिसळ. लेण्यांच्या आत आवाज नाही, आत फक्त बघायचं, उत्तरं बाहेर येऊन लिहायची. मोबाइल काढून घ्यायचे नाहीत, कारण गुगलला विचारून फायदा होईल असा प्रश्नच ठेवायचा नाही. जिथे पर्याय द्यावेच लागतील तिथे तीनच. चौथा पर्याय बहुतेक वेळा जागा भरायला असतो. २००५ मध्ये रॉड्रिगेझ नावाच्या संशोधकाने ऐंशी वर्षांतले अभ्यास एकत्र तपासून तीन पर्याय पुरतात असंच म्हटलंय. आणि बरोबर उत्तराचं वाक्य सगळ्यात लांबलचक असू द्यायचं नाही. (ही टीप ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे मागच्या वर्षीची क्विझ आली ना?)

खरं भांडण झालं ते साहेबांशी. त्यांना प्रत्येक प्रश्नाला मार्क आणि नावानिशी लीडरबोर्ड हवा होता. मैत्रीण अडून बसली. शेवटी तडजोड झाली, अजिंठ्याच्या प्रश्नांना मार्क आणि जिंकणाऱ्या टीमला हिमरू शाली, तर आगीच्या प्रश्नांना ना मार्क ना नाव. चिठ्ठीवर फक्त शिफ्ट आणि डिपार्टमेंट लिहायचं.

पिकनिकला मीही गेले. कोण सोडतंय! स्मिथसाहेबाच्या नावाचा प्रश्न सहा टीमना सुटला. एका टीमने 'घोड्यावर उभा राहून' असं लिहिलं. साहेब घोडदळातले होते हे लक्षात घेता मी अर्धा मार्क दिला असता. पण दिवसाचा हिरो ठरला पेंट शॉपमधला एक ऑपरेटर. प्रश्न होता, 'या चित्रांतला कोणता रंग इथल्या माती-दगडातून मिळाला नसेल? कशावरून?' गडी शांतपणे म्हणाला, 'निळा. लाल-पिवळा हात सैल सोडून लावलाय. निळा जपून, जिथे पाहिजे तिथेच. महागाचा माल असा वापरतात, मॅडम.' लाल, पिवळा, हिरवा हे माती आणि खनिजांतून आलेले रंग. निळा म्हणजे लाजवर्द, लॅपिस लाझुली, तो अफगाणिस्तानच्या बाजूने व्यापाऱ्यांबरोबर आला असं अभ्यासक मानतात. त्याच्या टीममधले दोन एमबीए त्याच्याकडे बघत राहिले. मैत्रीण मला नंतर म्हणाली, चार वर्षांत तो माणूस एकाही मीटिंगमध्ये बोललेला नव्हता.

परत येताना बसमध्ये आधी भांगेचा प्रश्न झाला. वेरूळच्या गिलाव्यात आहे आणि अजिंठ्याच्या गिलाव्यात नाही, अशी वनस्पती कुठली? भांगेचे धागे-तुकडे वेरूळच्या मातीत मिसळलेले होते, त्यामुळे तिथे किडीने कमी नुकसान केलं, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं. हा पाठांतराचाच प्रश्न, माझ्या नियमात न बसणारा, पण बसमध्ये एवढा हशा पिकला की चालवून घेतला. मग शेवटचा. 'अजिंठ्याच्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला दोनदा करून लंडनला पाठवल्या. दोन्ही वेळा बहुतांश किंवा बऱ्याचशा नष्ट झाल्या, दोन्ही वेळा कारण एकच. काय?' कुणी जहाज बुडालं म्हणालं, कुणी चोरी. उत्तर, आग. मेजर रॉबर्ट गिलने १८४४ पासून कित्येक वर्षं खपून केलेल्या नकला १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जेजे स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यातल्या शंभराच्या वर १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियममध्ये जळाल्या. दीड हजार वर्षं जुनं मूळ इथे दरीत शाबूत आणि नकला तिकडे दोनदा खाक!

बसमध्ये जरा शांतता झाली. मैत्रिणीने तेवढ्यात चिठ्ठ्या वाटल्या. तीनच प्रश्न. एक, रात्रीचे अडीच वाजलेत, तुमच्या मशीनशेजारच्या पॅनेलमधून धूर येतोय, तुम्ही सगळ्यात आधी काय कराल, एका ओळीत लिहा. दोन, तुमच्या मशीनपासून जवळच्या फायर सिलिंडरपर्यंतचा रस्ता काढून दाखवा. तीन, हे करताना तुम्हाला काय आडवं येईल?

तिसरा प्रश्न मैत्रिणीचा, माझा नाही. आणि सगळं बाहेर आलं ते त्यातूनच.

पहिल्याचं उत्तर जवळजवळ सगळ्यांनी बरोबर लिहिलं होतं. सप्लाय बंद करायचा, पाणी मारायचं नाही, सीओटू किंवा पावडरचा सिलिंडर. म्हणजे क्विझमधले पैकीच्या पैकी मार्क अगदीच खोटे नव्हते. पण तिसऱ्याखाली बघा काय काय लिहिलेलं. 'मेन स्विचच्या खोलीला रात्री कुलूप असतं, चावी गेटवर सिक्युरिटीकडे.' 'सिलिंडरच्या पुढे पॅलेट लावलेले असतात.' 'सिलिंडर कधी हातात घेतला नाही, पिन कशी निघते बघितली नाही.' आणि शिफ्टमागून शिफ्टच्या चिठ्ठ्यांवर, वेगवेगळ्या अक्षरांत, जवळजवळ तेच वाक्य, 'न विचारता लाइन बंद केली तर प्रॉडक्शन थांबतं, बोलणी बसतात.' एकाने नुसतं 'सुपरवायझर' एवढा एकच शब्द लिहिला होता.

ही उत्तरं त्या वीस प्रश्नांच्या क्विझमध्ये कुठे टिक करायची होती?

मैत्रिणीने सोमवारी चिठ्ठ्यांचा गठ्ठा साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी सगळ्या वाचल्या, हे त्यांचं कौतुकच. पहिलं त्यांनी विचारलं, 'हे कोणी लिहिलंय?' नावं नव्हती. मग दुसरं काय करणार, खाली जाऊन कुलूप बघून आले. चावी आता त्या खोलीच्या दारालगत काचेच्या पेटीत असते. आग, धूर, ठिणगी दिसली तर कुणीही, कुणालाही न विचारता, सप्लाय बंद करू शकतो, असं सहीनिशी पत्रक तिन्ही शिफ्टच्या बोर्डांवर लागलं. महिन्यातून एकदा चार जणांना सिलिंडर प्रत्यक्ष चालवायला देतात, आणि ते चार जण कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरतं, म्हणजे दर वेळी महोसधच पुढे येत नाही. सुपरवायझर मंडळी थोडी फुगून आहेत, पत्रकामुळे मशीन उगाच बंद पडतील म्हणतात.

पॅलेट मात्र आठवड्याभरात पुन्हा सिलिंडरपुढे आले. त्यामुळे वीस प्रश्नांच्या क्विझऐवजी मैत्रीण हल्ली दर शुक्रवारी शिफ्ट सुटताना एकच प्रश्न विचारते, तोंडी. 'तुमच्या जवळच्या सिलिंडरपुढे आत्ता काय ठेवलंय?' उत्तर द्यायला वळून बघावं लागतं.